मुंबई दूरदर्शन: जुनी कॅसेट हाती लागली तर ती कधीची, हे कसं ओळखायचं?

गच्चीवरचा_अँटेना (धागाकर्ता)

मुंबई दूरदर्शनबद्दल आंतरजालावर स्मरणरंजन उदंड आहे, पण तारखांचा मेळ कुठेच लागत नाही. 'चिमणराव' मालिका रंगीत होती इथपासून ते सह्याद्री वाहिनी 1972 ला सुरू झाली इथपर्यंत काहीही ठोकून दिलेलं वाचायला मिळतं. या धाग्यात दोन गोष्टी एकत्र आणूया: केंद्राचा खरा कालक्रम, आणि एखादं रेकॉर्डिंग समोर आलं तर ते कोणत्या काळातलं हे ठरवण्याच्या खुणा.

निमित्त एका व्हीएचएस कॅसेटचं आहे. तिच्यावर क्रमाने असं दिसतं: (1) 'गजरा' या प्रहसनांच्या कार्यक्रमातला कृष्णधवल तुकडा, अंदाजे 11 मिनिटं, (2) मध्येच दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची काही सेकंदं, रंगीत, (3) 'साप्ताहिकी'चा, म्हणजे आठवड्याचे कार्यक्रम सांगणाऱ्या कार्यक्रमाचा, तुकडा, त्यात निवेदिका "रविवार, 12 मे" म्हणते, वर्ष सांगत नाही, (4) एक रंगीत संगीताचा कार्यक्रम, ज्यात समईची ज्योत हलली की मागे उजेडाची शेपटी राहते. कोपऱ्यात बोधचिन्ह कुठेच नाही.

आधी कालक्रम, मग कॅसेट.

केंद्र सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, वरळीहून. देशातलं हे दुसरं केंद्र. पहिलं दिल्ली, 15 सप्टेंबर 1959. बरोबर एका वर्षाने, 2 ऑक्टोबर 1973 ला, सिंहगडावरचं प्रक्षेपण सुरू झालं आणि पुण्याला तेच कार्यक्रम दिसू लागले. 1 एप्रिल 1976 ला दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी झाली. त्याच वर्षी 1 जानेवारीपासून जाहिराती आल्या होत्या. 15 ऑगस्ट 1982 ला रंगीत प्रसारण आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. 1994 मध्ये उपग्रहावरची मराठी वाहिनी डीडी-10, आणि तिचंच नाव 5 एप्रिल 2000 पासून 'सह्याद्री'. म्हणजे 'सह्याद्रीवर गजरा लागायचा' हे वाक्य पुनःप्रसारणाबद्दल असेल तरच बरोबर.

---

साडेसातच्या_बातम्या

उत्तम धागा, वाचनखूण साठवली.

कार्यक्रमांची भर घालतो. लोक नुसती नावं आठवतात, केंद्राच्या वेळापत्रकाचा सांगाडा कुणी सांगत नाही. प्रसारण मुख्यतः संध्याकाळचं. साडेसहाला शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं', साडेसातला मराठी बातम्या, आणि अधल्यामधल्या जागेत मुलांचे, कामगारांचे, स्त्रियांचे कार्यक्रम: 'किलबिल', 'कामगार विश्व', 'सुंदर माझं घर'. गुरुवारी चित्रपटगीतांचं 'छायागीत'. सत्तरच्या दशकात शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी.

याच काही तासांत गुजराती ('आवो मारी साथे', मुलांसाठी 'संताकुकडी'), हिंदी (तबस्सुमचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', 1972 पासून 1993 पर्यंत) आणि इंग्रजी (साबिरा मर्चंट यांचं 'व्हॉट्स द गुड वर्ड') यांनाही जागा द्यावी लागे. एकच वाहिनी आणि चार भाषा. म्हणून मराठी कार्यक्रम बहुतेक आठवड्याचे किंवा पंधरवड्याचे असत, रोजचे नव्हेत. 'रोज रात्री गजरा बघायचो' असं कुणी लिहिलं की समजावं, नंतरच्या मालिकांची सवय मागे नेऊन चिकटवली आहे.

बातम्यांत सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील होत्या, चित्रपटांत यायच्या आधी. पुढे अनंत भावे, भक्ती बर्वे, चारुशीला पटवर्धन, स्मिता तळवलकर, आणि सर्वात दीर्घ काळ प्रदीप भिडे.

---

फीत_अडकली

निर्मात्यांची नावं घेतल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. 'गजरा'मागे विनायक चासकर आणि नंतर विनय आपटे, 'प्रतिभा आणि प्रतिमा' सुहासिनी मुळगावकर, 'शब्दांच्या पलीकडले' अरुण काकतकर, 'ज्ञानदीप' आकाशानंद, 'हास परिहास' याकूब सईद आणि बबन प्रभू, 'चिमणराव' विजया जोगळेकर-धुमाळे. 'ज्ञानदीप'च्या प्रेक्षकांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळं काढली होती. कार्यक्रमातून चळवळ उभी राहावी असं उदाहरण नंतर खासगी वाहिन्यांवर मला तरी सापडत नाही.

'चिमणराव' 1977 ते 1979. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. काळ बघा: रंगीत प्रसारणाच्या तीन वर्षं आधीच मालिका संपली. रंगीत 'चिमणराव'ची चित्रफीत दिसली तर रंग नंतर कुणीतरी भरलेत.

---

पुणेरी_पाटी

अवांतर: पु. ल. देशपांडे मुंबई केंद्राचे पहिले निर्माते असं फॉरवर्ड फिरतं. ते दिल्लीत होते, 1959 मध्ये, आकाशवाणीच्या दूरचित्रवाणी विभागात. नेहरूंची मुलाखत त्यांनी तिथेच घेतली. मुंबई केंद्र तेरा वर्षांनी आलं.

आता अँटेना. मुंबईहून पुण्याला बदली झालेल्या माणसाने सोबत अँटेनाही नेला आणि चित्र आलंच नाही, हे त्या काळी हमखास घडे. मुंबई चॅनेल 4 वर, म्हणजे बँड 1 मध्ये, 61 ते 68 मेगाहर्ट्झ. चित्राची वाहक लहर 62.25, आवाजाची 67.75. पुणे चॅनेल 5 वर, बँड 3 मध्ये, 174 ते 181. नंबर शेजारशेजारचे, पण मध्ये शंभरावर मेगाहर्ट्झचं अंतर.

डायपोलची (अँटेनाच्या, वायर जोडलेल्या मुख्य नळीची) लांबी मीटरमध्ये काढायची तर 143 ला मेगाहर्ट्झने भागा. मुंबईसाठी 65 धरून 2.20 मीटर. पुण्यासाठी 178 धरून 80 सेंटिमीटर. जुन्या फोटोत गच्चीवर पुरुषभर उंचीपेक्षा लांब आडव्या नळ्या दिसल्या तर ते मुंबईच्या दिशेचं घर. हातभर-दीड हाताच्या नळ्या असतील तर पुणं. मागची नळी, रिफ्लेक्टर, डायपोलपेक्षा साधारण 5 टक्के लांब आणि पुढची, डायरेक्टर, तितकीच आखूड. डायपोल ते रिफ्लेक्टर अंतर लहरीच्या पाचव्या हिश्शाएवढं: मुंबईला 90 सेंटिमीटरच्या आसपास, पुण्याला 34.

---

गच्चीवरचा_अँटेना

@पुणेरी_पाटी, वा! फोटोवरून गाव ओळखायची ही युक्ती ठाऊक नव्हती.

पावसाळ्यात चित्रात मुंग्या का येत, तेही सांगा.

---

पुणेरी_पाटी

मुख्य दोषी चपटी वायर. 300 ओहमची ती दोन तारांची पट्टी कोरडी असेल तर झकास, नुकसान कमी. पण तिचं क्षेत्र तारांच्या बाहेर हवेत पसरलेलं असतं. पट्टी भिजली, किंवा गॅलरीच्या लोखंडी गजाला चिकटवून नेली, की सिग्नल तिथेच गळतो. म्हणून गजापासून 8-10 सेंटिमीटर दूर धरणारे प्लॅस्टिकचे आडे लावत आणि पट्टीला मीटरभरात एक-दोन पीळ देत. मुंबईत वर खारी हवा: डायपोलच्या स्क्रूपाशी अॅल्युमिनियम आणि तांबं एकत्र आलं की पांढरी भुकटी जमते, जोड सुटतो, आणि माणूस खाली बसून टीव्हीची बटणं पिळत राहतो. जोडाला ग्रीस लावून वर रबरी टोपी, एवढाच उपाय होता. बूस्टरने यातलं काही सुटत नसे. मुंग्याही मोठ्या होत.

गोल केबल वापरायची तर मध्ये बलून हवा, 300 ओहमचं 75 करणारा जोड. अर्ध्या लहरीचा वेटोळा करून घरीही होतो: मुंबई चॅनेलसाठी त्याच 75 ओहम केबलचा तुकडा, 1.52 मीटर (2.31 गुणिले 0.66). हा 0.66 भरीव पॉलिथिनच्या केबलचा. फोमवाली असेल तर गुणक 0.8 च्या आसपास जातो आणि तुकडा लांबतो. इथे हमखास चुकतात.

---

सावली_उजवीकडे

चित्रातल्या सावल्या ही तारीख नाही तरी जागा सांगणारी खूण आहे. उंच इमारतीवर आपटून उशिरा पोचलेला सिग्नल मूळ चित्राच्या उजवीकडे फिकट दुसरं चित्र काढतो. हिशोब सोपा: एका रेषेचा दिसणारा भाग 52 मायक्रोसेकंदांचा. 20 इंची टीव्हीवर चित्राची रुंदी साधारण 40 सेंटिमीटर. म्हणजे सावली 1 सेंटिमीटर सरकली असेल तर उशीर सुमारे 1.3 मायक्रोसेकंद, आणि लहर जवळजवळ 390 मीटर जादा फिरून आली. आपटणारी इमारत अँटेनाच्या थेट मागे असेल तर ती त्याच्या निम्म्यावर, म्हणजे दोनशे मीटरच्या आत.

कॅसेटच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच: सावली असेल तर ते घरच्या अँटेनावरून केलेलं रेकॉर्डिंग. केंद्रातल्या टेपच्या नकलेत सावली येऊच शकत नाही. धागाकर्त्यांनी 'गजरा'च्या तुकड्यात बघावं.

---

गच्चीवरचा_अँटेना

बघितलं. 'गजरा' आणि संगीत, दोन्हीत उजवीकडे सावली आहे, अंतरही सारखंच. म्हणजे एकाच घरातलं रेकॉर्डिंग?

---

सावली_उजवीकडे

एकच अँटेना, एकाच दिशेला आणि काळ फारसा दूर नाही, एवढं म्हणता येईल. मध्ये नवी इमारत उठली असती तर सावली बदलली असती.

---

फीत_अडकली

मग पहिला निष्कर्ष निघालाच. घराघरात व्हीसीआर आले ऐंशीच्या दशकात. त्यामुळे घरच्या कॅसेटवरचा कृष्णधवल 'गजरा' म्हणजे जवळपास नक्कीच पुनःप्रसारण, किंवा केंद्राचा स्टुडिओ अजून रंगीत झाला नव्हता तेव्हाचा. 15 ऑगस्ट 1982 ला दिल्लीचं प्रसारण रंगीत झालं म्हणून सगळ्या केंद्रांचे सगळे स्टुडिओ दुसऱ्या दिवशी रंगीत झाले नाहीत. कॅमेरे, मिक्सर, टेप मशीन, टेलिसिने (फिल्म टीव्हीवर दाखवायचं यंत्र), सगळी साखळी बदलावी लागते; एक कडी जुनी राहिली की रंग गेला. एकाच संध्याकाळी स्थानिक कार्यक्रम कृष्णधवल आणि राष्ट्रीय रंगीत, हे त्यामुळेच.

पण माझ्या मते 1982 चा खरा घाव रंगाचा नव्हता, वेळेचा होता. राष्ट्रीय कार्यक्रमाने रात्रीचा उत्तम भाग दिल्लीकडे गेला. मुंबईचं मराठी त्याच्या अलीकडे ढकललं गेलं, म्हणजे नोकरदार माणूस लोकलमध्ये लोंबकळत असतो त्या वेळेत. 'पूर्वीचे कार्यक्रम चांगले होते' या कुरकुरीत अर्धा भाग तरी या घड्याळाचा आहे.

---

साडेसातच्या_बातम्या

सहमत, पण चाळीस टक्के! दुसरी बाजू अशी की त्याच सुमारास प्रायोजित मालिका आल्या आणि केंद्राच्या आत बनणाऱ्या अर्ध्या तासाच्या प्रहसनाला बाहेरच्या निर्मितीशी स्पर्धा करावी लागली. वेळ हातात असती तरी 'गजरा' तसाच टिकला असता असं मला वाटत नाही.

---

चोवीस_पंचवीस

चित्रपट आणि 'छायागीत' असलेल्या कॅसेटसाठी एक वेगळी खूण. चित्रपट सेकंदाला 24 चौकटी (फ्रेम), आपलं प्रसारण 25. टेलिसिनेवर चित्रपट सरळ 25 ने चालवत. त्यामुळे सगळं 4 टक्के जलद. 150 मिनिटांचा चित्रपट 144 मिनिटांत संपतो, 3 मिनिटं 20 सेकंदांचं गाणं 3 मिनिटं 12 सेकंदांत. स्वरही चढतो. एका स्वरापासून लगतच्या स्वरापर्यंतचं अंतर साधारण 6 टक्के, म्हणजे चढ दोन तृतीयांश. काळी एकचं गाणं पांढरी दोनकडे निघतं आणि वाटेत थांबतं. पेटीवर कुठल्याच पट्टीशी जुळत नाही. तबकडी आणि कॅसेट शेजारी लावून हा फरक सापडला तर मूळ टीव्हीचं, पुढे कितीही नकला होवोत. (कॅसेट प्लेअरचा वेग बिघडलेला नाही हे आधी तपासा. चित्राचा वेग सिंकने (टेपवरच नोंदलेल्या ठोक्यांनी) बांधलेला असतो, साध्या ऑडिओ कॅसेटचा नाही.)

बातम्यांची चित्रंही तेव्हा 16 मिमी फिल्मवर. 100 फुटी रोल, फुटाला 40 चौकटी, एकूण 4000. सेकंदाला 25 ने 2 मिनिटं 40 सेकंद. पूर्ण सभेला एवढाच रोल मिळाला तर कॅमेरामन भाषण टिपत नाही. व्यासपीठ, गर्दी, हार, टाळ्या, संपलं. मग फिल्म धुवायची, कापायची, आणि साडेसातला निवेदक त्या मूक चित्रावर वाचणार. जुन्या बातम्यांत नेते नुसते ओठ हलवताना दिसतात ते यामुळे.

---

गच्चीवरचा_अँटेना

मूळ टेप का उरल्या नाहीत, यावर कुणी नीट लिहील का? 'नालायकी' या एका शब्दात विषय संपवतात.

---

फीत_अडकली

त्या काळच्या स्टुडिओंची टेप 2 इंच रुंद, सेकंदाला सुमारे 40 सेंटिमीटर पळणारी. तासाला चौदाशे मीटरवर टेप. परदेशातून येणारी, महाग, आणि रीळ उचलायला दोन हात लागतील इतकं जड. अशी टेप दाखवून झाली की पुसून पुन्हा वापरायची, हा जगभरचा रिवाज होता आणि दूरदर्शनवरही तेच झालं. फिल्मवर असलेलं तुलनेने वाचलं, कारण फिल्म पुसता येत नाही.

त्यातून वाचलेल्यांनाही दुखणं आहे. काही जुन्या टेपांचा चिकटद्रव दमट हवेत पाणी शोषून पाझरतो. मशीनवर चढवली की किंचाळते, हेडवर तपकिरी लगदा बसतो आणि थर निघून येतो, म्हणजे चित्रच निघून येतं. अशा टेपा 50 ते 55 अंशांवर काही तास नियंत्रित भट्टीत सुकवून मग एकदाच चालवतात. घरच्या ओव्हनमध्ये कृपया करू नये. आणि व्हीएचएसला तर हा उपाय नव्हेच.

---

साडेसातच्या_बातम्या

मग व्हीएचएसचं काय करायचं तेही लिहून टाका, पुढचे वाचक तेच विचारणार.

---

फीत_अडकली

खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुरी दिसते का, आधी ते बघा. दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. स्वच्छ असेल तर कोरड्या खोलीत दिवसभर ठेवून एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. मग लगेच संगणकावर घ्यायला सुरुवात करा, 'आधी जरा बघू' नको. पहिली फेरीच सर्वात चांगली असते.

720 बाय 576, सेकंदाला 25 चौकटी, इंटरलेस (एकेक चौकट एकाआड एक रेषांच्या दोन फील्डांत) तसंच ठेवा. फील्डचा क्रम नीट बघा: डीव्हीत खालचं फील्ड आधी, बहुतेक साध्या कार्डांत वरचं आधी. उलटा झाला की स्थिर चित्र ठीक दिसतं आणि हात हलला की दातेरी थरथर. डीव्ही प्रकारच्या फाइलला तासाला 13 जीबी, चित्राचं काहीच न गमावणाऱ्या एफएफव्ही1 मध्ये 35-40 धरून चला. चित्र वाकडं-लहरी येत असेल तर टाइम बेस करेक्टर मध्ये लागतो. सॉफ्टवेअरने नंतर ते सरळ होत नाही. तळाशी आठ-दहा रेषांची फाटकी पट्टी दिसेल, ती हेड बदलताना येते. मूळ फाइलमध्ये कापू नका. पाहण्यासाठी वेगळी प्रत करा, 50 चौकटींची.

आंतरजालावर चढवण्याआधी: प्रसारणाचा हक्क आपल्या कायद्यात 25 वर्षांचा, पण आतल्या गाण्याचा, संहितेचा हक्क वेगळा आणि जास्त लांब. प्रसार भारतीचं स्वतःचं संग्रहालय आहे, त्यांच्याकडे नसलेलं काही असेल तर आधी तिकडे दाखवणं बरं.

---

चोवीस_पंचवीस

आता कॅसेटकडे. "रविवार, 12 मे" ही सोन्यासारखी ओळ आहे. 12 मे रविवारी कधी आला? केंद्र सुरू झाल्यापासून शतक संपेपर्यंत 1974, 1985, 1991 आणि 1996. बस, चारच.

1974 बाद: रंगीत नाही, घरी व्हीसीआर नाही. 1996 मध्ये कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह सहसा असतं, इथे नाही. राहिले 1985 आणि 1991.

समईची शेपटी बघा. ज्योत हलल्यावर उजेड मागे रेंगाळतो, हे नळीवाल्या कॅमेऱ्याचं लक्षण. चिप असलेल्या सीसीडी कॅमेऱ्यात तेजस्वी बिंदूतून वर-खाली उभी रेघ निघते, शेपटी नाही. 1991 मध्येही जुने कॅमेरे कुठे कुठे चालत असतील, म्हणून हा पुरावा एकट्याने पुरत नाही, पण झुकतं माप 1985 ला.

---

सावली_उजवीकडे

'साप्ताहिकी'त 12 मे हा आठवड्याचा पहिला दिवस म्हणून सांगितला की शेवटचा? आणि त्या दिवशीचा चित्रपट कोणता सांगितला?

---

गच्चीवरचा_अँटेना

पहिला. चित्रपटाचं नाव येण्याआधीच टेप कापली आहे, पण संध्याकाळच्या कार्यक्रमांपैकी तीन नावं स्पष्ट ऐकू येतात.

---

साडेसातच्या_बातम्या

तीन नावं पुरेत. ग्रंथालयात 12 मे 1985 आणि 12 मे 1991, दोन्ही दिवसांचं वर्तमानपत्र काढा आणि आतल्या पानावरची 'आजचे दूरदर्शन' छापाची चौकट बघा. मुंबई आवृत्तीच मागा. तीन नावं क्रमाने जुळली की वर्ष पक्कं. बदललेले कार्यक्रम छापलेल्या चौकटीत येत नसत, त्यामुळे दोन जुळली आणि एक नाही, तरी चालेल.

---

गच्चीवरचा_अँटेना

1985 ची चौकट मिळाली. तीनही जुळली, क्रमासकट. 'गजरा' त्याच आठवड्यातला नाही, पण सावलीचं अंतर सारखं असल्याने जवळपासच्या महिन्यांतलं पुनःप्रसारण धरतो. फाइलच्या नावात '1985-05, पुनःप्रसारण, घरचं रेकॉर्डिंग' असं लिहून ठेवलंय.